मराठी संगणकलेखन : जुन्या संकेतपद्धतींची निवृत्ती

मराठी मजकूर संगणकात साठविण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत प्रचारात आलेल्या, परस्परांशी न जुळणाऱ्या संकेतपद्धती मागे पडून त्यांच्या जागी युनिकोड ही एकच जागतिक पद्धती प्रस्थापित होण्याची प्रक्रिया. लिहिणारा आणि संगणक यांच्यात, त्याचप्रमाणे एक आज्ञावली आणि दुसरी आज्ञावली यांच्यात देवाणघेवाणीचा जो ठरावीक मार्ग असतो, त्यास आंतरपृष्ठ असे म्हणतात. कळफलकाची रचना, अक्षरांना दिलेले संकेतांक आणि टंक (फाँट) ही लेखनाच्या आंतरपृष्ठाची तीन अंगे होत. पहिले हाताशी, दुसरे साठवणीशी आणि तिसरे डोळ्याशी संबंधित असते. जुनी पद्धती सदोष ठरली, तरी तिच्यावर हात बसलेले लोक आणि तिच्यात लिहून ठेवलेले दस्तऐवज मागे उरतात. त्यामुळे अशी पद्धती केवळ आदेशाने बंद होत नाही. तिच्यातील मजकूर नव्या पद्धतीत सुरक्षित पोहोचविणे आणि जुन्या लेखकाच्या हाताला नव्या व्यवस्थेत जागा देणे, ही दोन कामे झाली म्हणजेच ती खऱ्या अर्थाने निवृत्त होते. मराठीचा ह्या बाबतीतील अनुभव बोधप्रद असून त्याची सुरुवात संगणकाच्याही आधी झालेली आहे.

पूर्वपीठिका : मोडीची निवृत्ती. महाराष्ट्रात लेखनाची एक रूढ पद्धती मागे सारून दुसरी स्वीकारण्याचा मोठा प्रसंग मोडी लिपीच्या बाबतीत घडला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे ह्या लिपीच्या प्रसाराचे श्रेय परंपरेने दिले जाते. प्रथम शिरोरेषा आखून घेऊन, हात शक्यतो न उचलता भराभर लिहिता येणे हा मोडीचा मुख्य गुण. दप्तरातील हिशेब, पत्रव्यवहार आणि खतपत्रे यांसाठी ती शतकानुशतके वापरात होती, तर पोथ्या व संस्कृत ग्रंथ बालबोध म्हणजे देवनागरी लिपीत लिहिले जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत सामान्यतः पाळला जात नसे आणि लेखकागणिक वळण बदले. श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम केरी यांच्या छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले होते, तथापि एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रणाचा मुख्य विस्तार झाला तो बालबोधातच. इ. स. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध लिपी स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तरीही मोडी शाळांतून पुढे काही दशके शिकविली जात होती आणि जुन्या पिढीतील लोक खासगी पत्रे व जमाखर्च तिच्यातच लिहीत. स्वातंत्र्योत्तर काळात ती व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली.

मराठवाड्यात ह्या प्रक्रियेला आणखी एक पदर होता. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथील सरकारी दप्तरात उर्दूचा वापर होता आणि गावपातळीवरील लेखनात मोडीही चालत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाल्यानंतर, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने देवनागरी लिपीतील मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. अशा रीतीने एका हयातीच्या अवधीत दप्तराची भाषा व लिपी दोन्ही पालटल्या. जुने कागद मात्र पूर्वीच्याच लिपीत राहिले.

त्याचे परिणाम अनेक दशकांनंतर दिसून आले. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. त्यानंतर मराठवाड्यातील जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासावयाच्या कागदांत मोडी आणि उर्दू लेखही होते व ते वाचणारे जाणकार जागोजाग शोधावे लागले. लिपी वापरातून गेली होती, पण तिच्यात नोंदलेले हक्क कायम होते. लेखनपद्धतीची निवृत्ती आणि तिच्यातील लेखांची निवृत्ती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

टंकलेखन यंत्राचा वारसा. देवनागरी टंकलेखन यंत्राने लेखनाच्या पद्धतीत मूलभूत बदल घडविला. यंत्रावरील कळांची संख्या मर्यादित असल्याने सर्व अक्षरे व जोडाक्षरे त्यांवर बसविणे अशक्य होते. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अनेक व्यंजनांचे अर्धे रूप एका कळीवर ठेवून त्यापुढे काना उमटविला की पूर्ण अक्षर तयार होई. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली, तरी कागदावर ती आधी दिसते म्हणून आधी उमटवावी लागे. रफार मात्र अक्षरानंतर दिला जाई. म्हणजेच यंत्राचा क्रम उच्चाराचा नसून दृष्टीचा होता. रेमिंग्टन नावाने ओळखली जाणारी ही कळरचना शासकीय टंकलेखन परीक्षांमुळे महाराष्ट्रभर रूढ झाली. तालुक्याच्या गावी चालणाऱ्या टंकलेखन संस्थांतून शिकून न्यायालये, तहसील कचेऱ्या, सहकारी संस्था व साखर कारखाने यांत नोकरीस लागलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने ही कळरचना म्हणजे उपजीविकेचे साधन होते. संगणक आले तेव्हा यंत्र बदलले, पण बोटांची सवय बदलली नाही. पुढील घडामोडींचे बरेचसे स्पष्टीकरण ह्या एका वस्तुस्थितीत सापडते.

प्रमाण संकेताचा पहिला प्रयत्न. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे संशोधन १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाले. त्यातून विकसित झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे (सी-डॅक) आले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था समान असल्याने त्या सर्वांना एकच संकेततालिका पुरेल, हे ह्या संशोधनामागील मूळ सूत्र होते. त्यानुसार तयार झालेली ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९८८ मध्ये सुधारण्यात आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिच्या जोडीला ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला होता. त्यात स्वर डाव्या हाताखाली व व्यंजने उजव्या हाताखाली असून अक्षरे उच्चाराच्या क्रमाने द्यावयाची असतात. शास्त्रीय दृष्ट्या ही रचना निर्दोष होती, परंतु रेमिंग्टनवर हात बसलेल्या टंकलेखकाला तिच्यासाठी सर्व काही नव्याने शिकावे लागे.

टंकाधारित पद्धती. १९९० नंतर चित्रमय पडद्याचे वैयक्तिक संगणक व छपाईसाठीच्या अक्षरजुळणी आज्ञावल्या स्वस्त झाल्या आणि मराठी लेखनाची निकड एकदम वाढली. त्या संगणकांच्या परिचालन प्रणालीस देवनागरी लिपी ठाऊक नव्हती. यावर व्यवहारी तोडगा निघाला तो असा : रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागी देवनागरीच्या तुकड्यांची चित्रे बसविलेला टंक तयार करावयाचा. संगणकाच्या समजुतीने रोमन अक्षरच लिहिले जाई, पडद्यावर मात्र मराठी दिसे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, तसेच आकृती व कृतिदेव हे टंक ह्या काळात सर्वत्र पसरले. प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी वेगळी होती.

ह्या पद्धतीतील दोष एका उदाहरणावरून ध्यानात येतो. कृतिदेव टंकात ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या साठवणीत ई, जे, के, बी, एच ह्या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने असतो. ‘कि’ हे अक्षर एफ व डी असे, म्हणजे वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, साठविले जाते. तोच मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की वेगळीच निरर्थक अक्षरे दिसतात आणि कोणताही मराठी टंक नसेल, तर नुसती रोमन अक्षरांची माळ उरते. थोडक्यात, ह्या पद्धतीत अक्षर साठविले जात नाही, तर त्याचे चित्र साठविले जाते. त्यामुळे शब्दाचा शोध घेणे, नावांची यादी अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे किंवा एका कार्यालयाची माहिती दुसऱ्या कार्यालयाच्या माहितीशी ताडून पाहणे ही संगणकाची खरी कामे होऊ शकत नव्हती. संगणक हे केवळ सुबक टंकलेखन यंत्र ठरले. मराठी वृत्तपत्रांची प्रारंभीची संकेतस्थळे वाचण्यासाठीही प्रत्येकाचा वेगळा टंक वाचकाला उतरवून घ्यावा लागे.

युनिकोडचा स्वीकार. जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला कायमचा एकच संकेतांक देणाऱ्या युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तीतील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्की तालिकेवर आधारलेला होता. म्हणजे व्यवहारात मागे पडलेल्या इस्कीची तात्त्विक बैठक नव्या मानकात टिकून राहिली. युनिकोडात वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात आणि वेलांटी पुढे घेणे, रफार वर चढविणे, जोडाक्षर साधणे ही कामे संगणक स्वतः करतो. देवनागरीची ही व्यवस्था विंडोज २००० ह्या परिचालन प्रणालीत ‘मंगल’ टंकासह प्रथम अंतर्भूत झाली. मराठीच्या खास गरजाही क्रमाने भागविल्या गेल्या. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील रफाराच्या वेगळ्या रूपाची सोय झाली. ‘ॲ’ ह्या अक्षरास २००८ मधील ५·१ व्या आवृत्तीत स्वतंत्र संकेतांक मिळाला. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी भारतीय भाषांचे संकेतमानक म्हणून युनिकोड निश्चित केले. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व अक्षरांची प्रमाणरूपे यांबाबतचा शासन निर्णय काढला. कार्यालयीन कामकाजात युनिकोडच वापरावे, असे निर्देशही राज्य शासनाने वेळोवेळी दिले.

जुने वापरकर्ते आणि त्यांची कारणे. आदेश निघूनही टंकाधारित पद्धती दीर्घकाळ टिकून राहिल्या. याचे कारण केवळ उदासीनता वा हट्ट असे मानणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. पहिले कारण व्यावसायिक होते. मराठी पुस्तके, पत्रिका व वृत्तपत्रे यांची अक्षरजुळणी प्रामुख्याने पेजमेकरसारख्या आज्ञावल्यांत होत असे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि तिला युनिकोडातील देवनागरी कळत नव्हती. तिची उत्तराधिकारी असलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ मध्ये झाली. मधल्या दशकात कार्यालयांना युनिकोडचा आग्रह केला जात होता, परंतु ज्या छपाईदाराला दुसऱ्या दिवशी अंक द्यावयाचा होता, त्याच्यापुढे युनिकोडमध्ये काम करण्याचे साधनच नव्हते. दुसरे कारण टंकांचे. जुन्या पद्धतीत शीर्षके, जाहिराती व लग्नपत्रिका यांसाठी शेकडो वळणांचे टंक उपलब्ध होते, तर युनिकोडमध्ये प्रारंभी ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तिसरे कारण संचिताचे. प्रकाशकांच्या आणि संस्थांच्या संग्रहातील वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या टंकांत होता. पुनर्मुद्रणासाठी तो तसाच वापरणे सोपे व स्वस्त पडे. चौथे कारण शिक्षणाचे. रेमिंग्टनवर शिकलेल्या कर्मचाऱ्याला इन्स्क्रिप्टवर आणणे म्हणजे त्याचा वेग काही काळ निम्म्यावर आणणे होते आणि त्या काळातील कामाची जबाबदारी कोणी घेत नसे.

जुन्या आज्ञावल्या तयार करणारांचीही अडचण होती. त्यांच्या टंकांची मांडणी हीच त्यांची व्यापारी ठेव असल्याने ती खुली करण्यात त्यांना प्रथम स्वारस्य नव्हते. पुढे त्यांनीही आपल्या आज्ञावल्यांत युनिकोड लेखनाची व परिवर्तनाची सोय केली. जुन्या ग्राहकांसाठी जुने टंकही चालू ठेवण्यात आले. परिणामी बराच काळ दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदल्या.

संक्रमणाचे उपाय. स्थिती पालटली ती आंतरपृष्ठाची तीन अंगे एकमेकांपासून वेगळी केल्यामुळे. संकेतांक बदलणे अपरिहार्य होते, परंतु कळफलक बदलणे तसे नव्हते. रेमिंग्टन पद्धतीच्या कळा दाबल्या असता युनिकोडचे संकेत उमटतील, अशा लहान आज्ञावल्या उपलब्ध झाल्या. टंकलेखकाची बोटे पूर्वीप्रमाणे चालू लागली आणि साठवण मात्र नव्या पद्धतीची झाली. टंकलेखनाचे शिक्षण न घेतलेल्यांसाठी रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहिण्याच्या सोयी आल्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्ता’ व त्यासारखे अन्य मुक्त परवान्याचे टंक निघाल्याने वळणांची उणीवही भरून येऊ लागली. गोदरेज कंपनीने १९५५ पासून चालविलेले टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले आणि त्यानंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही यंत्रांवरून संगणकावर आल्या. २०१० नंतर भ्रमणध्वनीचा प्रसार झाला, तेव्हा हातातल्या यंत्रावर वाचता येईल असे मराठी केवळ युनिकोडमध्येच लिहिता येत असे. शासन निर्णयांना जे साधले नव्हते, त्यातील बराच भाग ह्या सोयीने साधला.

जुन्या मजकुराचे परिवर्तन हे मात्र कष्टाचे काम ठरले. परिवर्तक आज्ञावली टंकातील प्रत्येक तुकड्यासाठी योग्य वर्ण शोधते, पुढची वेलांटी मागे व मागचा रफार पुढे नेते आणि अर्धे रूप व काना जोडून पूर्ण व्यंजन बनविते. मूळ टंक कोणता हे निश्चित नसेल, तर सर्व मजकूर बिघडतो. मराठीत मिसळलेले इंग्रजी शब्द व अंक यांचे रूपांतर चुकीचे होते. विशेषनामांतील चूक शब्दकोशाच्या साहाय्यानेही पकडता येत नाही. म्हणून परिवर्तनानंतर माणसाने मूळ प्रतीशी ताडून वाचणे टाळता येत नाही.

भूमिअभिलेखांतील अनुभव. वाङ्मयीन मजकुरात एखादा काना चुकला, तर वाचक तो सावरून घेतो. अधिकारपत्रात तसे करता येत नाही. अंबड तालुक्यातील अंकुशनगर (महाकाळा) हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव आहे. ऊस उत्पादकाला कारखान्याचे सभासदत्व, उसाची नोंद वा पीककर्ज यांसाठी सात-बाराचा उतारा लागतो. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील अधिकार आणि नमुना बारामध्ये पिके यांच्या नोंदी असतात. हैदराबाद संस्थानच्या काळातील दप्तर, त्यानंतरचे हस्तलिखित देवनागरी अभिलेख आणि त्यावरून झालेली संगणकीय नोंद अशा टप्प्यांतून येथील जमिनींच्या नोंदी पुढे आल्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर खातेदाराचे नाव, गटक्रमांक, क्षेत्र वा वारसाची नोंद गळण्याचा वा बदलण्याचा संभव असतो. अशी चूक झाली, तर ती दुरुस्त करून घेण्याचा भार खातेदारावर पडतो.

राज्यातील भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची सुरुवात युनिकोड रूढ होण्यापूर्वीची आहे. पुढे ‘ई-फेरफार’ ह्या प्रणालीत नोंदी एकत्र आणताना हस्तलिखित व संगणकीय सात-बारा यांचा मेळ घालणे हे मुख्य काम होऊन बसले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून संगणकीय उतारे ग्रामस्थांसमक्ष मोठ्याने वाचण्यात आले व त्यांवर हरकती घेण्यात आल्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचे उतारे देण्यास प्रारंभ झाला. अत्याधुनिक प्रणालीची खातरजमा चावडीवरील जाहीर वाचनाने व्हावी, ही बाब अर्थपूर्ण आहे. आपले नाव बरोबर आले की नाही, हे ज्याचे त्यालाच सर्वांत चांगले कळते.

अन्य देशांतील उदाहरणे. म्यानमारमध्ये ‘झॉजी’ ह्या टंकाधारित पद्धतीचा वापर जवळजवळ सार्वत्रिक होता. तेथे १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस युनिकोडच्या स्वीकारासाठी जाहीर करण्यात आला आणि भ्रमणध्वनी व समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी स्वयंचलित परिवर्तनाची जोड दिल्याने बदलास वेग आला. ॲडोबी कंपनीने ‘टाइप १’ प्रकारच्या टंकांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. त्यामुळे जुन्या संग्रहांतील दस्तऐवज नव्या आवृत्त्यांत संपादित करताना जगभरच्या छपाईदारांना टंक बदलावे लागले. युनिकोडचे धोरण याच्या उलट आहे. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांचे संकेतांक हलविल्याने उद्भवलेल्या गोंधळानंतर, एकदा दिलेला संकेतांक कधीही काढावयाचा वा हलवावयाचा नाही, असा नियम करण्यात आला. एखादा वर्ण ‘वापरू नये’ असे सुचविले जाते, पण त्याची जागा कायम राहते. ह्याच मानकाच्या सातव्या आवृत्तीत, जून २०१४ मध्ये, मोडी लिपीलाही स्थान मिळाले. व्यवहारातून गेलेली लिपी अशा रीतीने अभ्यासकांसाठी संगणकावर उपलब्ध झाली.

मूल्यमापन. जुन्या टंकाधारित पद्धती सदोष होत्या, परंतु ज्या काळी संगणकाला मराठी येत नव्हते, त्या काळी त्यांनीच मराठी मुद्रण व कार्यालयीन लेखन चालू ठेवले, हे त्यांचे कार्य नाकारता येत नाही. त्यांची निवृत्ती आवश्यक होती. ती लांबली याचे कारण, मागे राहणाऱ्याला लागणारे साधन हाती येण्यापूर्वीच पुष्कळदा बंदीचा आदेश निघाला. ज्या ठिकाणी परिचित कळफलक कायम ठेवून केवळ साठवणीची पद्धती बदलली, तेथे बदल सुलभ झाला. ज्या संग्रहांचे परिवर्तन झाले नाही, त्यांतील मजकूर मात्र टंक व जुने संगणक नाहीसे होताच अवाच्य होण्याचा धोका आहे. मोडीचे जाणकार निदान शिकून तयार करता येतात. ज्याचा टंक हरवला आहे, असा संगणकीय दस्तऐवज वाचण्यासाठी त्या टंकाची मांडणीच उपलब्ध असावी लागते. म्हणून जुन्या टंकांच्या संकेततालिका दप्तरखान्यांत जतन करणे आणि राहिलेल्या मजकुराचे तपासणीसह परिवर्तन करणे, हे ह्या संक्रमणातील अपुरे राहिलेले कार्य होय.